वारकेबाईंची पाटी

अण्णा बेंडाळ्यांच्या हातांच्या कंपाला चौथं वर्ष लागलं आणि त्याच वर्षी त्यांच्या दोन्ही मुलांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. भावाबहिणीचं भांडण म्हटलं की माणसं आधी शेताच्या बांधाबद्दल विचारतात, मग लग्नातल्या मानपानाबद्दल. हे भांडण एका लेखावरून झालं होतं.

अण्णा, म्हणजे दिगंबर बेंडाळे, यांनी छत्तीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलं. भुसावळहून इगतपुरीकडे किंवा नागपूरकडे गाडी न्यायची, तिथल्या विश्रामगृहात मिळेल ते वर्तमानपत्र निविदांच्या जाहिरातींसकट वाचून काढायचं आणि गाडी घेऊन परत यायचं, असा त्यांचा नेम. पण कंपवातानं आधी उजवा हात धरला, मग डावा, आणि वाचन सुटलं. घरी येणारी वर्तमानपत्रं तर कधीच बंद झाली होती. जे काही वाचायचं ते फोनवर. अण्णांचं थरथरतं बोट काचेला लागलं की लेख भरकन खाली पळे, नाहीतर भलत्यालाच फोन लागे. फोन लेख वाचूनही दाखवी, पण ते त्यांना रुचत नसे. "ऐकताना मागं जाता येत नाही. एक वाक्य निसटलं की निसटलं," असं म्हणून ते तो बाजूला ठेवत.

त्यांची मुलगी चारुशीला नगरपालिकेच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत होती. तिनं लग्न केलं नव्हतं, अण्णांसोबत भुसावळातच राहायची. धाकटा प्रफुल्ल नाशिकला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात होता. २०३९च्या सप्टेंबरात दोघांनीही एका आरोग्य-संकेतस्थळावरचा तो लेख वाचला. कंपवातावरच्या ध्वनिझोताच्या उपचाराबद्दल होता तो. डोक्याला चीर नाही, टाका नाही. रुग्णाच्या डोक्याभोवती शिरस्त्राणासारखं यंत्र बसवायचं आणि त्यातल्या हजारभर ठिकाणांहून ध्वनिलहरी आत सोडायच्या. एकेकटी लहर दुबळी असते, पण भिंगानं ऊन एका ठिपक्यावर आणावं तशा त्या सगळ्या मेंदूतल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेवर एकत्र येतात आणि कंप उठवणारा तेवढाच भाग तापवून निकामी करतात.

"ताई, दहातल्या आठ लोकांचा हात थांबलाय," प्रफुल्ल फोनवर म्हणाला. "दोन्ही बाजूंचं करून घेऊ. मी नाशिकच्या डॉक्टरांची वेळ घेतो."

"आणि ज्यांची जीभ जड झाली त्यांचं काय? बोलणं कळेनासं होतं, प्रफुल्ल. कायमचं."

"हे कुठं लिहिलंय?"

"त्याच लेखात!"

"त्या लेखात असं काही नाही. मी तीनदा वाचलाय."

"मी तीसदा वाचलाय."

यापुढं लेख बाजूला राहिला. प्रफुल्ल म्हणाला, "तुला अण्णा असेच हवेत. तुझ्यावाचून अडणारे." चारुशीला म्हणाली, "आणि तुला सुट्टीत येऊन बरे झालेले अण्णा बघायचेत. मधलं निस्तरायला मी आहेच." तिनं फोन ठेवला. दोघांचीही मनोमन खात्री झाली की समोरचा चक्क खोटं बोलतोय. ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली. प्रफुल्ल भाऊबीजेला आला नाही.

अण्णांना या सगळ्यातलं अर्धंमुर्धं ऐकू आलं होतं. "त्या लेखात आहे तरी काय?" असं त्यांनी दोन्ही मुलांना वेगवेगळं विचारून पाहिलं, तर दोन वेगळेच लेख कानावर आले. मग त्यांनी विचारणंच सोडलं.

चारुशीला मात्र तो लेख सोडेना. दळण आणायला गेली तरी गिरणीत उभ्या उभ्या फोन काढी, तोच लेख उघडी, त्याच्याखाली सुचवलेले आणखी चार उघडी. प्रत्येक लेखाच्या पोटातून नवी भीती निघे. लेख संपतच नसत. तळाशी जावं तर आणखी मजकूर उगवलेला असे. डिसेंबरात एक दिवस तिनं एका टाकीच्या पाण्यातला क्लोरिनचा आकडा दुसऱ्याच टाकीपुढे लिहिला. बाजूच्या सहकारिणीच्या वेळीच लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर अर्ध्या वस्तीला क्लोरिन न घातलेलं पाणी गेलं असतं. त्या दिवशी घरी येताना ती समोरच्या वारकेबाईंच्या ओट्यावर बसली आणि रडली.

विद्युल्लता वारके तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, तरी अख्खी गल्ली त्यांना बाईच म्हणे. त्या तेव्हा भरताची वांगी भाजत होत्या. त्यांनी हिला नीट रडू दिलं, वांगी उतरवली, हात धुतले आणि आतून एक प्लायवूडची फळी आणून तिच्या मांडीवर ठेवली.

फळीवर करड्या रंगाच्या बारा पट्ट्या चिकटवल्या होत्या, तीन रांगांत चार-चार. खाली दारावरच्या घंटीचं जाडजूड बटण.

"हे काय, बाई?"

"पाटी. वाचायची."

जळगाव रस्त्यावरचं मोठं दुकान बंद पडलं, तेव्हा फळ्यांवर वस्तूंची नावं दाखवणाऱ्या तिथल्या पट्ट्या भंगारात निघाल्या होत्या. बाईंनी त्या पोतंभर उचलून आणल्या. पोत्यातली एक त्यांनी चारुशीलाच्या हातात दिली. तिच्यावर ठसठशीत अक्षरांत 'साबुदाणा' असं लिहिलेलं होतं.

"उलटून बघ. बॅटरी आहे?"

नव्हती.

"तीन वर्षं नाही. तरी साबुदाणा साबुदाणाच आहे." हे सांगताना बाईंचा चेहरा वर्गात असायचा तसा झाला. "हिच्या पोटात केसाहून बारीक अशा लाखो कुप्या आहेत. प्रत्येक कुपीत तेलासारखा द्रव, आणि त्यात पांढऱ्या तिळांसारखे कण नि काळ्या तिळांसारखे कण. पांढऱ्यांवर एका प्रकारचा विद्युतभार, काळ्यांवर उलटा. खालून विजेचा झटका दिला की एका रंगाचे वर येतात, दुसऱ्या रंगाचे तळाला बसतात. झालं अक्षर. नंतर वीज काढून घेतली तरी कण बसल्या जागेवरून हलत नाहीत. फोनचा पडदा सारखा तुझ्या डोळ्यांत दिवा मारत असतो. ही नुसती शाई आहे. उजेड खिडकीतून यायचा."

"पण केलीत कशाला?"

"फोनपायी माझं दूध तीनदा उतू गेलं म्हणून," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून या यंत्राचं याहून मोठं कारण कधी कुणी ऐकलं नाही.

बाईंनी ती पाटी तिला घरी न्यायला दिली. तिची रीत साधी होती. जे लेख वाचायचे त्यांची नावं आदल्या दिवशी नोंदवायची. सकाळी सहाला पाटी एकदाच इंटरनेटला लागे, तेवढे लेख उतरवून घेई आणि पुन्हा तुटे. बटण दाबलं की पान उलटे, त्याला दीड सेकंद लागे. पट्ट्यांमधल्या फटींमुळे मजकूर खिडकीच्या गजांआडून पाहावा तसा दिसे. पहिल्या दिवशी चारुशीला वैतागली. चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की फटी आता दिसत नाहीत. आठवड्यानं तिला उमगलं की इथं लेख संपतो. शेवटच्या ओळीखाली एक काळी रेघ येई आणि पुढे काही नसे; मग मान वर करून खिडकीबाहेर बघावं लागे. फोन ती पिठाच्या डब्यावर ठेवू लागली, आणि कितीतरी वर्षांनी तिनं एक अख्खा लेख वाचून, त्यात काय होतं ते अण्णांना जेवताना सांगितलं. पश्चिम घाटातल्या बेडकांवरचा होता. अण्णा दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आज काय आहे?"

जानेवारीत तिनं धीर करून त्या ध्वनिझोताच्या लेखाचं नाव नोंदवलं.

सकाळी सातला ती ओसरीवर वाचायला बसली. तेच शीर्षक, लेखकाचं तेच नाव. पण सातव्या पानावर तिचा हात थांबला. तिथं लिहिलं होतं की वाणीवर परिणाम होण्याचा धोका मुख्यतः मेंदूच्या दोन्ही बाजूंना उपचार केल्यावर असतो. एकाच बाजूला केला तर तो खूपच कमी, मात्र मग एकाच हाताचा कंप थांबतो आणि काहींना चालताना तोल सांभाळावा लागतो. तीसदा वाचलेल्या लेखात हे तिनं कधीच पाहिलं नव्हतं. ती तशीच समोर गेली.

"बाई, तुमच्या पाटीत दुसराच लेख आलाय."

बाईंनी चष्मा लावला, दोन पानं वाचली, आणि म्हणाल्या, "तू प्रयोगशाळेतली ना? मग शंका आली तर काय करतात?"

दोघींनी तीन बाटल्यांत तीन नमुने घ्यावेत तसा तो लेख तीन ठिकाणी उघडला: चारुशीलाच्या फोनवर, बाईंच्या फोनवर आणि पाटीवर. चारुशीलाच्या फोनवर तिसऱ्याच परिच्छेदात एक गायक होता, ज्याचा आवाज या उपचारानंतर गेला. बाईंच्या फोनवर त्या गायकाचा पत्ता नव्हता. तिथं निम्मा लेख शिरस्त्राणातले ध्वनिलहरी सोडणारे स्फटिक कसे जुळवतात यावरच होता. पाटीवर दोन्ही गोष्टी होत्या, चार-चार ओळींत.

यात गुपित असं काहीच नव्हतं. त्या काळात बहुतेक संकेतस्थळांवर लेख असेच असत आणि 'तुमच्यासाठी मांडलेला' असं वर बारीक अक्षरांत लिहिलेलंही असे. लेखक मूळ मजकूर देई. पुढचं काम यंत्रबुद्धीचं. फोनचा पुढचा कॅमेरा वाचणाऱ्याची नजर कुठल्या शब्दावर रेंगाळते, बुबुळ कधी मोठं होतं हे टिपे आणि अजून न वाचलेले खालचे परिच्छेद त्याप्रमाणे मागेपुढे होत, लांबत, आखडत, काही गळूनही जात. खोटं एकही वाक्य घालायचं नाही, असा नियम होता आणि तो पाळलाही जाई. वाचणारा पानावर जास्त वेळ राहिला, की झालं. मूळ लेख कायद्यानं साठवून ठेवावा लागे, पण तो कुणी मागत नसे. वारकेबाईंची पाटी मात्र तोच मागायची, कारण तिला दुसरं काही झेपतच नव्हतं. तिला कॅमेरा नव्हता, आणि दीड सेकंदाला एक पान उलटणाऱ्या पडद्यावर हलता-बदलता मजकूर चालणं शक्य नव्हतं.

"मंद आहे म्हणून वाचली," बाई म्हणाल्या. आपण केलेल्या वस्तूकडे त्या स्वतःच नव्यानं बघत होत्या.

चारुशीला घरी आली ती सुन्न होऊन. फोनवर चिडायचं म्हटलं तरी तिला नीट चिडता येईना. गायकाची गोष्ट फोननं दाखवली खरी, पण ती वाचायला पुन्हा पुन्हा तीच गेली होती. अण्णांना काही झालं तर मग आपल्याला घरात कोण, ही भीती फोननं तिच्यात घातली नव्हती. त्यानं ती फक्त ओळखली आणि रोज थोडी थोडी तिच्या ताटात वाढली. प्रफुल्ल खोटं बोलत नव्हता. त्याच्या फोनवर तो गायक आलाच नसणार.

तिनं त्याला फोन लावला. त्यानं उचलला नाही. लेखाची लिंक पाठवायला तिनं बोट पुढं केलं आणि मागं घेतलं. लिंक पाठवून काय होणार होतं? ती त्याच्या फोनवर उघडली की पुन्हा त्याचाच लेख झाला असता. जायला हवं होतं, तेही पाटी घेऊन.

रविवारी सकाळच्या गाडीनं अण्णांना घेऊन ती नाशिकला पोचली. दार प्रफुल्लनंच उघडलं. अण्णांच्या पाया पडला आणि बहिणीला नुसतं "ये" म्हणाला. चहा झाला. अण्णांचा कप त्यानं अर्धाच भरला होता, तरी दोन थेंब बशीत सांडलेच, आणि तिघांनीही ते पाहिलं.

"वेळ आता एप्रिलची मिळतेय," तो म्हणाला. "डिसेंबरची माझ्या हातातून गेली. तुझ्यामुळं."

"मी चुकले होते," चारुशीला म्हणाली. "पण तूही पुरतं वाचलेलं नाहीस."

"झालं! पुन्हा तेच."

"तुझा फोन काढ. बोलण्यावर काय परिणाम होतो, ते मला त्यात दाखव."

त्यानं रागारागानंच लेख उघडला. वर-खाली करून पाहिला. एक उद्योजक उपचारानंतर तिसऱ्या दिवशी स्वतः गाडी चालवत घरी गेला होता. कुणा आजीनं रांगोळी काढली होती. जिभेबद्दल चकार शब्द नव्हता. तिनं आपला फोन त्याच्या शेजारी ठेवला. गायक पाहून त्याचा चेहरा उतरला.

तिनं पिशवीतून पाटी काढली. "हा मुळातला. मी वाचते, दोघं ऐका."

"थांब," अण्णा म्हणाले. "माझ्यासमोर ठेव."

तिनं पाटी टेबलावर सपाट ठेवली. अण्णांनी चष्मा लावला, दोन्ही हात टेबलाखाली मांड्यांमध्ये दाबून धरले आणि वाचायला लागले. पान संपलं की उजवी मूठ वर आणून घंटीच्या बटणावर टेकवत. मूठ थरथरत होती, पण बटण एवढं मोठं होतं की चुकणार कसं? मूठ दहादा आपटली तरी पाटी एकच पान उलटायची. तिची चालच तेवढी होती. एकदा ते दोन पानं मागं गेले. त्यासाठी बटण दाबून धरावं लागे, ते त्यांनी कोपरानं धरलं. प्रफुल्ल मदतीला पुढं होणार तेवढ्यात चारुशीलानं त्याच्या दंडाला धरून त्याला थांबवलं. चार वर्षांत त्यांनी अण्णांना असं वाचताना पाहिलं नव्हतं. ओठ किंचित हलत होते, भुवया वर जात होत्या. पाऊण तास दोघं बापाकडे बघत उभे होते.

काळी रेघ आली. अण्णांनी चष्मा काढला.

"आम्ही गाडी घेऊन निघायचो ना," ते म्हणाले, "तेव्हा स्टेशन मास्तर कागद द्यायचा. पुढं कुठं रूळ कच्चा आहे, कुठं वेग कमी करायचा. कार्बन ठेवून लिहायचा. एक प्रत मला, एक मागं गार्डाला. दोघांकडं दोन वेगळे कागद असते तर गाडी गेली असती का? तुम्ही चार महिने माझी गाडी तशी चालवलीत."

अण्णांनी चष्मा पाटीवर ठेवला.

"आणि भांडलात कामून रे माझ्या डोक्यावरून? डोकं माझं. मला एकानं तरी विचारलं?"

"अण्णा, मला वाटलं तुम्हाला..." प्रफुल्ल म्हणाला. "मी तिथं नसतो. रोज वाटतं, मी काहीच करत नाही. म्हणून हे तरी लवकर..."

"ते कळतं मला," अण्णा म्हणाले. "ही घाबरते तेही कळतं. आता माझं ऐका. दोन्ही बाजूंचं करायचं नाही. एकच. उजवा हात सुटला की पुष्कळ. तोल गेला तर जाऊ दे. चालायला काठी मिळते. बोलायला काठी मिळत नाही."

चारुशीला खुर्चीत बसली. तिची भीती पुरती गेली नव्हती, पण आता ती तिच्या एकटीची राहिली नव्हती. प्रफुल्लनं पाटी ओढून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. सातव्या पानावर तो थांबला. मान न उचलता म्हणाला, "ताई, भाऊबीजेला यायला हवं होतं मी."

"पुरणपोळ्या केल्या होत्या," ती म्हणाली. "फुकट गेल्या."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अण्णांचं डोकं तुळतुळीत भादरून त्यांना यंत्रात निजवलं. उपचारात माणूस जागा असतो. दर थोड्या वेळानं डॉक्टर त्यांच्या हातात पेन देऊन कागदावर गोल गोल वळसा काढायला सांगत. पहिला वळसा धरणीकंपाच्या आलेखासारखा आला. तिसरा जरा शांत. पाचवा वळसा जिलबीसारखा गुळगुळीत उमटला तेव्हा काचेपलीकडे उभ्या असलेल्या चारुशीलानं प्रफुल्लचं मनगट इतकं घट्ट पकडलं की नंतर तिथं वळ दिसत होते. बाहेर आल्यावर अण्णा स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाले, "भूक लागली."

डावा हात तसाच थरथरत राहिला. चालताना थोडं झुकायला होई, म्हणून काठी आली. पुढं कंप परतणारच नाही असं डॉक्टर म्हणाले नाहीत. लेखातही तसं म्हटलेलं नव्हतं आणि ते तिघांनाही ठाऊक होतं.

मे महिन्यात प्रफुल्लचा फोन आला. त्याला घरासाठी एक पाटी हवी होती, कारखान्यातल्या आणखी चौघांनाही हव्या होत्या. चारुशीलाच्या प्रयोगशाळेतून दोघींनी विचारलं होतं. गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंना तर दवाखान्यात ठेवायला तीन पाहिजे होत्या, म्हणजे रुग्णाला आणि नातेवाइकांना एकच कागद दाखवता येईल. वारकेबाईंच्या पोत्यात पट्ट्या भरपूर होत्या. हात दोनच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर अण्णांनी काठी घेतली आणि कुणाला न विचारता गल्ली ओलांडली. चारुशीला मागोमाग गेली, तर ते बाईंच्या टेबलाशी बसलेले.

"काम सांगा," ते म्हणत होते.

"दिगंबरभाऊ, हे बारीक काम आहे," बाई म्हणाल्या. "प्रत्येक पट्टीला कथलाचे सहा डाग द्यायचे. तारेशी तार जुळायला हवी."

"एक हात चांगला आहे माझा. दुसरा तुम्ही द्या."

बाईंनी आपली खुर्ची पुढं ओढली. मग डाग देण्याची तापलेली सळई त्यांच्या उजव्या हातात दिली आणि कथलाची तार स्वतः धरली. अण्णांचा डावा हात मांडीवर फडफडत होता, उजवा टेबलावर निश्चल. धुराची रेघ उठली. पट्टीवर एक चमकता ठिपका बसला.

बाईंनी भिंग लावून तो तपासला.

"कच्चा आहे. डागानं तार धरली नाही नीट. पुन्हा."

अण्णांनी निमूटपणे डाग काढला आणि पुन्हा दिला. या वेळी त्यांनी जास्त वेळ घेतला. दारात उभी असलेली चारुशीला बघत होती. बाईंनी पुन्हा भिंग उचललं, पट्टी तिरकी करून खिडकीच्या उजेडात धरली.

"हा चालेल," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पुढची पट्टी त्यांच्यापुढं सरकवली.